बोरहट्टीच्या पाण्याची चावी

मी चावी. कपाटाची नाही, फटफटीची तर मुळीच नाही. कमरेला खोचून मिरवावी अशी नाजूक जात माझी नव्हे. अडीच हात लांब लोखंडी दांडा, वर धरायला आडवी मूठ आणि खालच्या टोकाला चौकोनी तोंड, अशी मी. जत तालुक्यात कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून बोरहट्टी नावाचं गाव आहे. तिथं जमिनीखालच्या पायपांवर तीन व्हॉल्व आहेत. ते माझ्याच तोंडानं उघडायचे आणि माझ्याच तोंडानं बंद व्हायचे. गोड बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागून रुसायचं नाही.

जतला विजापूर रस्त्यावर वेल्डिंगचं एक दुकान आहे. तिथल्या अर्जुना मिस्त्रीनं भंगारातल्या ट्रॅक्टरच्या दांड्यातून मला कापलं. तोंड चौकोनी करताना त्यानं मला इतक्या वेळा भट्टीत घातलं की मी लालेलाल झाले. शेवटी बादलीत बुडवलं तेव्हा मी चर्रकन ओरडले. पाण्याशी माझी पहिली भेट ती. तेव्हा कुठं ठाऊक होतं की जन्मभर ह्याच्याच मागं पळायचंय!

मला घ्यायला आला होता कोंडीबा. बोरहट्टी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा गडी. अर्जुना त्याला म्हणाला, "पाव्हणं, ही काय मोडायची न्हाई. मोडला तर वापरणारा मोडंल." दोघंही हसले. चौदा वर्षांनी ते खरं झालं, तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही.

गावाची रचना सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शाळेच्या उंचवट्यावर पाण्याची टाकी. टाकीखाली पेठ. पेठेच्या खाली उतारावर खालची आळी. आणि टाकीच्या पलीकडं, माळावर, जवळजवळ टाकीच्याच उंचीला धनगरांची वस्ती. वीज आली की विहिरीवरची मोटार टाकी भरते. टाकी भरली की कोंडीबा मला खांद्यावर टाकून निघायचा. आधी पेठेचा व्हॉल्व, मग खालच्या आळीचा, सगळ्यात शेवटी वस्तीचा. वस्तीची पाळी येईपर्यंत टाकीत तळाचा गाळ राहिलेला. उरलेलं पाणी चढावर चढेचना. वस्तीच्या नळातून नुसती हवा यायची, सूं सूं करत.

कोंडीबा माणूस वाईट नव्हता. पण त्याचं सगळं काम डोक्यात. पेठेचा व्हॉल्व किती आटे फिरवायचा, खालच्या आळीचा कुठं अडकतो, कोणत्या चेंबरमध्ये विंचू असतो, सगळं डोक्यात. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ते मलाच ठावं." त्याला त्यात मोठेपणा वाटायचा. ज्याच्या हातात चावी असते त्याला हळूहळू वाटायला लागतं की पाणी आपणच पाडतो. मी अनेकांच्या तोंडावर हा भाव बघितलाय. पुढारी, साहेब, मास्तर, सासवा, कुणीच त्यातून सुटत नाही.

मग एके दिवशी टाकीच्या शिडीवरून कोंडीबा घसरला आणि खुबा मोडून बसला. डोक्यात ठेवलेलं सगळं काम त्याच्याबरोबर खाटेवर झोपलं. तीन दिवस गावात पाणी नाही. टाकी भरलेली, मी कोपऱ्यात उभी, आणि गाव कोरडं. कारण किती आटे फिरवायचे ते एकाच माणसाला ठाऊक, आणि तो मिरजेच्या दवाखान्यात शुद्धीवर येत होता.

चौथ्या दिवशी मला तानुबाईनं उचललं. कोंडीबाची बायको. वय पंचेचाळीसच्या पुढं, शिक्षण चौथी, आवाज मात्र पंचक्रोशीला पुरेल एवढा. त्याच दिवशी नवऱ्याला मिरजेहून घरी आणलं, तशी ती खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"आवं, पेठंला किती आटं?"

"तुला काय करायचंय? मी बरा झालो की बघतो."

"तुमचा खुबा बरा व्हायला तीन म्हैनं. तवर गावानं काय थुका गिळायचा? किती आटं, ते सांगा."

"नऊ," कोंडीबा कुरकुरत म्हणाला. "खालच्या आळीला साडेसात. वस्तीचा पुरा सोडायचा, पन तो कवाच पुरा सुटत न्हाई."

तानुबाईनं पांढरा रंग आणला आणि प्रत्येक चेंबरच्या झाकणावर आकडे लिहून टाकले. नऊ. साडेसात. पुरा. अक्षर वाकडंतिकडं, पण ठळक. सरपंच लालासाहेब तिथून फटफटीवरून चालले होते. ते थांबले.

"तानुबाई, असं उघड्यावर लिवलंस तर कुनीबी येऊन पानी सोडंल की! मग तुजी काय किंमत ऱ्हाईल?"

"माजी किंमत आट्यात न्हाई, सरपंच. उद्या मी पडले तर गावानं परत तीन दिस तान्हेलं ऱ्हायचं व्हय?"

लालासाहेब फटफटी चालू करून निघून गेले, पण ते त्यांच्या मनात राहिलं. सरपंच लोकांच्या मनात असल्या गोष्टी फार चांगल्या राहतात.

पंधरा दिवसांवर बिरोबाची यात्रा आली होती. देऊळ वस्तीवर. यात्रेला सोलापूर, विजापूर भागातून पाहुणे येतात, त्यांची मेंढरं येतात. दर वर्षी वस्तीवरच्या बायका दीड कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणून पाहुण्यांचे पाय धुतात. ह्या वर्षी वस्ती चिडली. रंगूबाई नावाची सत्तरीची म्हातारी काठी टेकत ग्रामपंचायतीत आली.

"सरपंच, माज्या नळाखाली मी तीन वर्सं हंडा ठेवलाय. पान्यासाठी न्हवं. तुमची आटवन म्हनून. त्यात कोळ्यानं जाळं केलं. ह्या यात्रेला पानी आलं न्हाई तर तो हंडा आनून तुमच्या टेबलावर ठेवीन, कोळ्यासकट!"

लालासाहेबांनी घाम पुसला आणि सगळं तानुबाईवर ढकललं. "हे बघ, यात्रंपतूर वस्तीला पानी चढलं तर चावी तुज्याकडं. न्हाई चढलं तर चावी जमा कर, मी ठेकेदार नेमतो. बाईमानसाचं हे काम न्हवंच."

तानुबाईनं मला जमिनीवर असं आपटलं की फरशीला टवका उडाला. घरी नवरा खाटेवर. हातात हे एकच काम. आणि ते काम आपल्याला येतं की नाही हे ठरवणार कोण, तर ज्यानं कधी चेंबरचं झाकण उचललं नाही तो.

दुसऱ्या दिवशी तिनं सोपा उपाय केला. उलटा क्रम. आधी वस्ती, मग पेठ, मग खालची आळी. टाकी तुडुंब असताना वस्तीच्या अलीकडच्या एक-दोन नळांना थोडं पाणी चढलं. करंगळीएवढी धार, पण धार. तानुबाई खूश झाली. मीही. पण दुपारी खालच्या आळीचा व्हॉल्व उघडला आणि आत खडखडाट. अर्ध्या तासात त्याच आळीतली शकुंतला आणि दहाबारा बायका कळश्या घेऊन तानुबाईच्या अंगावर आल्या.

"आमचं पानी वस्तीला घातलंस व्हय गं? तुजं माहेर हाय काय तिकडं?"

"माजं माहेर कुटंबी असंल. तुमच्या बापाची टाकी हाय का?"

भांडण चांगलं तासभर चाललं. मी मध्येच उभी होते, म्हणून सांगते, दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. आणि त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. तक्रार एका आळीतून दुसऱ्या आळीत सरकवली म्हणजे उपाय झाला असं नाही. फक्त शिव्या देणारी तोंडं बदलली. मोठ्या मोठ्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षं हेच चालतं म्हणे. मी कचेरी बघितली नाही, पण व्हॉल्व बघितलेत.

लालासाहेबांनी त्यावर मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये सगळ्यात आधी ठरतं ते चहा कुणी सांगायचा, आणि शेवटी ठरतं ते पुढची मीटिंग कधी. ह्या मीटिंगला सांगलीहून विश्वजित नावाचा तरुण साहेब आला होता. गावांना पाणी-व्यवस्थापन शिकवायचं त्याचं काम. पांढरे बूट, हातात लॅपटॉप. त्यानं भिंतीवर एका माशाच्या सांगाड्याचं चित्र दाखवलं. म्हणाला, "समस्या म्हणजे माशाचं डोकं. प्रत्येक काटा म्हणजे एक कारण. आपण एकेक काटा शोधायचा."

तानुबाई मला धरून मागं उभी होती. ती म्हणाली, "सायेब, हितं पानी न्हाई आनि तुमी मासा काडून दावताय व्हय?"

सगळी सभा हसली. विश्वजितही हसला, हे मला आवडलं. ज्याला स्वतःवर हसता येतं त्याच्याशी बोलायला हरकत नसते. तो म्हणाला, "मावशी, मला खरंच इथलं काही माहीत नाही. तुम्ही पाणी सोडता तेव्हा मी तुमच्याबरोबर फिरू का?"

"फिरा की. बुटं काडून या पन."

त्यानं बूट काढले नाहीत. साहेब लोक बाकी सगळं ऐकतात.

चैत्राचं ऊन. वाटेतली माती भाजलेली, बाभळीखाली कुत्री जीभ काढून पडलेली. तानुबाईनं खालच्या आळीचा व्हॉल्व साडेसात आटे सोडला आणि दोघं उतारावरून चालत निघाले. वळणावर विश्वजितचा पाय गटारात गेला. हिरव्या शेवाळावरून तो असा घसरला की लॅपटॉप वर आणि साहेब खाली. गुडघ्यापर्यंत ओला झाला. तानुबाईनं माझी मूठ पुढं केली, तिला धरून तो उठला. आणि बूट झटकता झटकता त्यानं विचारलं, "मावशी, गावात पाणी नाही ना? मग हे गटार कशानं वाहतंय?"

"आता गटार म्हटलं की..." तानुबाई म्हणाली, आणि वाकून शेवाळाकडं बघायला लागली.

चौदा वर्षं मी त्या गटाराच्या बाजूनं जात-येत होते. तीही आयुष्यभर तिथून चालत होती. आम्ही दोघींनी ते रोज बघितलं होतं, पण आम्हाला ते दिसलं नव्हतं. एवढ्या कोरड्या गावात गटाराला शेवाळ! ते दिसायला परक्या माणसाचा पाय घसरावा लागला.

तानुबाईनं पदर खोचला. मला खांद्यावर टाकलं आणि गटाराच्या काठाकाठानं उलटी, वरच्या अंगाला निघाली. विश्वजित मागं, बुटातून पचक पचक करत.

पहिलंच घर शकुंतलाचं. घराला कडी, माणसं शेतात. नळ सताड उघडा, त्याला तोटीच नाही. खाली बॅरल भरून वाहतंय, वाहिलेलं पाणी गटारात. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढं तेच. एका घरी म्हशीपुढं नळ सोडलेला, म्हैस पाण्यात बसून रवंथ करतेय. प्रत्येक दारात तानुबाईचा आवाज चढत गेला.

"लाज न्हाई वाटत? वस्तीवरची म्हातारी दीड कोस चालतीया आनि तुमच्या म्हशी आंघूळ करत्यात! तोटी कुटं हाय? गिळली काय?"

कालपर्यंत तिच्याशी भांडणाऱ्या बायका आज दारात मान खाली घालून उभ्या. मी तर खांद्यावर नाचत होते. दुसऱ्यांच्या चुका मोजत चाललं की पाय दुखत नाहीत.

गटार वर वर गेलं. आळीच्या टोकाला, शेवटच्या घरापाशी, ते सुरू होत होतं. तिथं एक नळ होता. तोटी नसलेला. त्याखाली पितळी घागर. घागर भरून धो धो वाहत होती. ओसरीत खाटेवर कोंडीबा पडला होता आणि आतून ओरडत होता, "आगं तानू, पानी आलं बघ! कवाचं आलंय!"

ते घर तानुबाईचं होतं.

ती जागच्या जागी उभी राहिली. मला खांद्यावरून खाली उतरवायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. गटाराचं उगमस्थान म्हणजे तिची स्वतःची घागर. विश्वजित दुसरीकडं बघायला लागला. शहाणा निघाला.

मग ती म्हणाली, "आवं, ही तोटी कुनी काडली?"

"तूच काडलीस की दोन वर्सांमागं. पानी कवा सुटंल ते कळत न्हाई, मी कवाबी सोडतो, तू शेतात अस्तीस. उघडा ठिवला तर आपसूक भरतंय, म्हनालीस."

तानुबाई पायरीवर बसली. घागरीवरून वाहणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात, तिला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, "सायेब, तुमच्या माशाला आता एक काटा लावा. पानी कवा येनार ते कुनाला ठावं न्हाई, म्हनून समद्यांनी नळ उघडं ठिवलं. बायांचं काय चुकलं न्हाई. चुकलं ते ह्या चावीचं."

खरं होतं ते. चूक माझी होती. वीज आली की माझ्या मालकाची मर्जी, मर्जी झाली की पाणी. गावाला काय ठाऊक? ज्याला वेळ माहीत नसते तो आपलं भांडं आधीच खाली लावून ठेवतो आणि वाहू देतो. ह्यात हावरटपणा नाही, भीती आहे. भित्र्या माणसाला शिव्या घालून काही होत नाही. त्याची भीती कशाची आहे ते बघावं लागतं.

"मग वेळ ठरवून द्या, मावशी," विश्वजित म्हणाला.

"वीज कुटं वेळंवर येतीया? एक आठवडा दिसा, एक आठवडा रातीची. वेळ ठरीवली तरी ती पाळनार कोन?"

"ते मला ठाऊक नाही, मावशी," तो म्हणाला. ठाऊक नाही ते नाही म्हणून सांगितलं, हे त्यानं दुसरं चांगलं केलं.

यात्रेला पाच दिवस राहिले असताना ग्रामसभा बसली. लालासाहेबांनी दुसरी टाकी बांधायचा प्रस्ताव वाचायला घेतला. तानुबाई उभी राहिली.

"सरपंच, पैलीतलं पानी गटारात जातंय. दुसरीतलं कुटं जाईल, मुंबैला?"

"गटारात कुनाचं जातंय? नाव सांग की!"

"सांगती. तानुबाई कोंडीबा. माजंच जातंय. समद्यात आदी माज्या दारातनं जातंय."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. लालासाहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हंजे गावचं पानी व्हाऊ घालनारी तूच व्हय?"

"व्हय, मीच. आनि तुमच्या दारात पन मी जाऊन आलीया. बोलू का, का बसू?"

एवढा हशा पिकला की लालासाहेबांनी पाणी मागितलं.

मग तिनं खिळ्यांच्या पुडीतून एक पिवळी नवी तोटी काढली आणि सगळ्यांना दाखवली. "ही मी आज माज्या नळाला बसवनार. पानी सोडायच्या आदी मी टाकीजवळच्या खांबावर ठोकं देनार. एक ठोका पेठेचा, दोन खालच्या आळीचं, तीन वस्तीचं. ठोका ऐकल्यावरच तोटी उघडायची. भरलं की बंद."

"त्यापरीस मोबाइलच्या ग्रुपवर मेसेज टाकू," लालासाहेब म्हणाले. "जमाना कुटं गेला!"

"फोन कुनाच्या खिशात अस्तोय? गड्याच्या. गडी कुटं? शिवारात. पानी भरतंय कोन? बाई. मग तुमचा सांगावा पोचला कुनाला? बैलाला?"

शकुंतला मागून म्हणाली, "पन शेतात असल्यावर आमी तोटी उघडायला यायचं कसं?"

तानुबाईनं हातातली तोटी उलटसुलट फिरवली. तेवढ्यात, खाटेसकट उचलून आणलेला कोंडीबा पहिल्यांदाच बोलला. "प्रत्येक गल्लीत कोनतरी माज्यासारखं मोडकं घरी पडल्यालं हायच की. म्हातारं, म्हातारी. त्यांनी शेजारच्या दहा घरांच्या तोट्या उघडायच्या आनि बंद करायच्या. मला दवाखान्यानं वाकर दिलाय, त्यो धरून आमची गल्ली मी बघतो."

चौदा वर्षं "मलाच ठावं" म्हणणारा माणूस तो. तानुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं लग्नात बघायचं राहून गेलं असावं.

पाच दिवसांत गावात तोट्यांची शोधाशोध झाली. काहींना मिळाल्या, काहींनी दाणे काढलेल्या मक्याचं बुरकुंड नळात कोंबलं, एकानं जुन्या धोतराची चिंधी. चाललं. सुरुवातीला चिंधीसुद्धा चालते.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी टाकी भरली. टाकीला बाहेरून दोरीला बांधलेला एक दगड लोंबतो. टाकी भरली की दगड खाली येतो, टाकी रिकामी होईल तसा वर चढतो. त्या दिवशी तो अगदी तळाला टेकला होता. टाकीजवळ दिवा नसलेला लोखंडी खांब आहे. तानुबाईनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि खांबावर हाणलं.

खण्! खण्! खण्!

आई गं! जन्मात मला कुणी असं आपटलं नव्हतं. अंगातून झिणझिण्या गेल्या. पण तो आवाज माळावरून पसरत गेला, आणि माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं मी मुकी होते.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा तिथं कुणी हललं नव्हतं. बायका दारात उभ्या, हाताची घडी घातलेल्या. ठोके ऐकले होते, विश्वास ठेवला नव्हता. चेंबरवर मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर. तानुबाईनं तो हातानं सारला, मला आत सोडलं, माझं तोंड व्हॉल्वच्या डोक्यावर बसवलं आणि जोर लावला. व्हॉल्व आतून गंजलेला, कोंडीबाच्या हातूनही कधी पुरा न सुटलेला. एक आटा फिरला, दुसऱ्याला अडकला. तिनं अंगाचा भार टाकला. माझ्या तोंडाचा एक कोपरा करकरला आणि मी घसरले. तिची बोटं चेंबरच्या कडेवर सोलली.

"बघती काय नुसत्या?" ती ओरडली. "यात्रा माज्या एकटीची हाय व्हय?"

रंगूबाईनं काठी टाकली. पुढं येऊन माझ्या मुठीचं एक टोक धरलं. तिच्या मागं आणखी दोघी आल्या. चार बायकांनी मला फिरवलं. माझं तोंड फाकत होतं, मला कळत होतं. मी सोडलं नाही. अर्जुना मिस्त्रीनं सांगितलं होतं, ही मोडायची नाही.

व्हॉल्व पुरा सुटला.

नळातून आधी हवा आली, सूं सूं, नेहमीसारखी. मग दोन झुरळं. मग तांबूस घाण पाणी. आणि मग रंगूबाईच्या हंड्यात, कोळ्याच्या जाळ्यावर, मनगटाएवढी स्वच्छ धार पडली.

"नीरु बंतू!" रंगूबाई कानडीत किंचाळली. आनंद झाला की ह्या भागातली म्हातारी माणसं कानडीत शिरतात. "पानी आलं गं, पानी आलं!"

तिनं हंडा विसळला, भरला. भरल्यावर जे केलं ते मी विसरणार नाही. तिनं तोटी बंद केली. तीन वर्षं पाण्यासाठी आसुसलेल्या बाईनं एक थेंब सांडू दिला नाही. म्हणाली, "तानू, आमचं झालं की जा खाली. खालच्या बाया वाट बघत्याल."

पण खरी परीक्षा खालीच होती. वस्तीला पाणी चढलं आणि आळी कोरडी राहिली, तर पुन्हा तीच रड. एक ठोका दिला, पेठ भरली. दोन ठोके दिले. वॉकर सरकवत सरकवत कोंडीबा आपल्या गल्लीतल्या तोट्या उघडत निघाला. तासाभरानं शकुंतला ओरडली, "भरलं गं समद्यांचं!" गटाराच्या वळणावर शेवाळ उन्हात सुकायला लागलं होतं.

लालासाहेब टाकीखाली येऊन उभे राहिले. दोरीवरचा दगड वर टेकायला अजून दोन हात बाकी होते. पाणी उरलं होतं. तीन आळ्या भरून उरलं होतं. त्यांनी मान वर करून ते अंतर दोनदा मोजलं. मग म्हणाले, "चावी ऱ्हाऊ दे तुज्याकडं."

"ती ऱ्हाईलच. तुमच्या नळात अजून बुरकुंड हाय, त्येवढं काडा आनि तोटी बसवा."

ह्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. माझी मात्र त्या दिवशी वाट लागली. वस्तीच्या व्हॉल्वनं माझं चौकोनी तोंड पार फाकवलं. मी आता कोणत्याही व्हॉल्ववर बसत नाही, घसरते. अर्जुना मिस्त्रीनं नवी चावी करून दिली. ती तरणी आहे, तोंडाळ नाही, काम चोख करते. कोंडीबा लंगडतो, पण त्याच्या दहा घरांत एक थेंब वाया जात नाही. चेंबरच्या झाकणांवरचे आकडे दर दिवाळीला पुन्हा रंगवले जातात, आणि ते रंगवायला तानुबाई दर वर्षी वेगळी बाई नेते. विश्वजित एकदा येऊन गेला. बूट काढून फिरला.

मला भंगारात देणार होते. तानुबाईनं दिलं नाही. तिनं माझ्या मुठीला साखळी लावून मला त्या दिवा नसलेल्या खांबाला टांगलं. आता माझं एकच काम, ठोके द्यायचं. चौदा वर्षं मी नुसती उघडत होते आणि बंद करत होते, तेव्हा कुणाला काही सांगत नव्हते. आता मला काही उघडता येत नाही, पण सगळ्या गावाला मी सांगून ठेवते.

तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या हातात माझ्यासारखी चावी असेलच. घराची असेल, कचेरीची असेल, शाळेची असेल. लोक वागत नाहीत, ऐकत नाहीत, वाया घालवतात, असं तुम्हीही म्हणत असाल. म्हणा. पण एकदा ती चावी खांद्यावर टाका आणि गटाराच्या काठानं उलटं चालत जा. वाटेत कुणाला शिव्या घालू नका, दम पुरवून ठेवा. शेवटच्या दारात लागेल तो.

वीज आलीय. दगड खाली उतरतोय. तानुबाई पदर खोचून इकडंच येतेय, आणि वस्तीवर रंगूबाई तोटीवर हात ठेवून बसली असेल. आता जरा कान द्या, मला तीनदा बोलायचंय.